गाडी, ट्रॉली, मशीन आणि फिरती माणसं: जीपीएस ट्रॅकिंगबद्दल सोलापूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत गाड्यांना ट्रॅकर बसवतो. मार्केट यार्डातले कांदा वाहतूकदार, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलवाले, ऊस वाहतुकीचे ठेकेदार, सांगोल्याचे डाळिंब व्यापारी, जेसीबीवाले असे सगळेच आमच्याकडे येतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच नीट उत्तरं लिहिली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. म्हणजे सॅटेलाइट वरून माझ्या गाडीकडे बघत असतो का?

नाही. उपग्रहाला तुमची गाडी ठाऊकही नसते. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि रेडिओवरून सतत दोनच गोष्टी सांगत राहतात: आपण आत्ता कुठे आहोत आणि आपल्या घड्याळात किती वाजले आहेत. गाडीतलं यंत्र हे फक्त ऐकतं. संदेश पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून ते उपग्रहाचं अंतर काढतं, आणि किमान चार उपग्रहांची अंतरं मिळाली की स्वतःची जागा ठरवतं. तीन अंतरांवरून जागा कळते. चौथं लागतं ते यंत्राच्या स्वस्त घड्याळातली चूक काढायला.

सगळा खेळ वेळेचा आहे. घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून उपग्रहात अणुघड्याळं असतात. ती जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या हिशोबाने ही दुरुस्ती आधीच केलेली असते. ती केली नसती, तर एका दिवसात चूक दहा किलोमीटरवर गेली असती आणि मोहोळची गाडी भलत्याच गावात दिसली असती.

२. मग गाडी माझ्या मोबाईलवर दिसते कशी?

यंत्रात एक सिमकार्ड असतं. जागा कळली की यंत्र ती मोबाईलच्या नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवतं आणि तुमचं अ‍ॅप सर्व्हरकडून घेतं. हे दोन रस्ते डोक्यात वेगळे ठेवा. वरून येणारा रस्ता उपग्रहाचा, तो फुकट आहे. बाहेर जाणारा रस्ता सिमचा, त्याचा रिचार्ज लागतो. “जीपीएस बंद पडलं” म्हणून येणाऱ्या बऱ्याच फोनमध्ये उपग्रहाचा काही संबंध नसतो. सिमची मुदत संपलेली असते.

जुनी यंत्रं टूजीवर चालतात. जिओकडे टूजी नाही, त्यामुळे जिओचं सिम अशा यंत्रात चालत नाही. नवीन घेताना फोरजीचंच घ्या.

३. आपलं नाविक असताना अमेरिकेच्या जीपीएसवर का अवलंबून राहायचं?

अवलंबून राहायची गरजच नाही. आजची चांगली यंत्रं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेइदू आणि आपलं नाविक यांपैकी जे मिळेल ते एकत्र वापरतात. जितके जास्त उपग्रह, तितकी जागा पक्की. ‘जीपीएस’ हा शब्द आता सगळ्यांसाठीच सर्रास वापरला जातो, आम्हीही तसाच वापरतो.

नाविकचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. २९ मे २०२३ ला श्रीहरिकोटाहून गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतात बनवलेलं अणुघड्याळ आहे, आणि छोट्या उपकरणांना सोयीचा एल-१ बँडही (रेडिओ लहरींचा पट्टा) आहे. नाविकचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर भारताच्या भागावरच राहतात. व्याप्ती भारत आणि सीमेपलीकडे सुमारे १,५०० किलोमीटर. आपल्या गाड्यांना एवढं पुष्कळ झालं.

४. जागा कितपत अचूक कळते? गाडी कुठल्या गाळ्यासमोर उभी आहे ते कळेल?

मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरपर्यंत. म्हणजे पुणे हायवेवर गाडी कुठल्या ढाब्यावर थांबली ते कळतं. मार्केट यार्डात ती कुठल्या बाजूला उभी आहे तेही कळतं. पण शेजारशेजारच्या दोन गाळ्यांतला फरक सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका.

चाटी गल्लीसारख्या अरुंद ठिकाणी सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो आणि गाडी मागच्या गल्लीत दिसते. पत्र्याच्या शेडमध्ये तर सिग्नल जवळजवळ येतच नाही. ताडपत्री, प्लास्टिक, साधी काच यांतून तो येतो. लोखंड आणि पत्रा यांतून येत नाही. म्हणून यंत्र डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, तोंड आभाळाकडे करून बसवायचं. काचेला मात्र चिकटवू नका. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४४ वर जातो आणि बंद केबिनमध्ये काचेमागे त्याहून कितीतरी जास्त तापतं. त्या उन्हात आतली बॅटरी फुगलेली आम्ही स्वतः काढली आहे.

५. कायद्याने कोणाला लावावंच लागतं?

प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना, म्हणजे बस, टॅक्सी वगैरेंना. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक सेवा वाहनांत एआयएस-१४० मानकाचं यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा यांना सूट आहे. घातक माल नेणाऱ्या मोठ्या मालगाड्यांनाही असं यंत्र लागतं. वाळू, मुरूम, खडी अशा गौण खनिजाच्या गाड्यांना महाराष्ट्र शासनाने जीपीएस बंधनकारक केलं आहे आणि ते महाखनिज प्रणालीशी जोडावं लागतं. टंचाईतल्या पाण्याच्या टँकरचं प्रश्न १२ मध्ये आहे.

तुमचा स्वतःचा माल नेणारा साधा ट्रक किंवा पिकअप यात बसत नाही. तिथे लावायचं की नाही हा तुमचा निर्णय.

६. साधा ट्रॅकर आणि एआयएस-१४० यात फरक काय? साधा निम्म्या किमतीत मिळतोय.

सक्ती असलेल्या गाडीला साधा चालत नाही, तिथे हा प्रश्नच नाही. एआयएस-१४० च्या यंत्रात आत पक्कं बसवलेलं सिम असतं. गाडीची बॅटरी काढली तरी किमान चार तास चालेल अशी स्वतःची बॅटरी असते, आणि ४०,००० नोंदी साठवण्याइतकी मेमरी असते. सक्ती नसेल आणि फक्त गाडी कुठे आहे एवढंच बघायचं असेल, तर चांगल्या साध्या यंत्राने भागतं. कंपनी कुठली घ्यावी हे आम्ही सांगत नाही. एक गोष्ट मात्र विचारून घ्या: यंत्र बिघडलं तर सोलापुरात येऊन कोण बघणार?

७. करमाळ्याच्या आत किंवा कर्नाटकात रेंज नसेल तर काय?

उपग्रहाला मोबाईलची रेंज लागत नाही, त्यामुळे यंत्र जागा नोंदवत राहतं आणि रेंज आली की साठलेलं सगळं एकदम पाठवतं. म्हणूनच कधी कधी तासभर एकाच जागी दिसलेली गाडी अचानक पन्नास किलोमीटर पुढे उडी मारते. थोड्या वेळाने मधला रस्ता आपोआप भरला जातो. तो भरेपर्यंत ड्रायव्हरला फोन करून रागावू नका. विजापूर, कलबुर्गीकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी रोमिंग चालू असलेलं सिम लागतं, ते आधीच सांगा.

८. गाडीची बॅटरी उतरते का?

रोज चालणाऱ्या गाडीची नाही. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर तीन-चार महिने शेडमध्ये उभा राहणार असेल तर उतरू शकते. तेव्हा बॅटरीची वायर सोडून ठेवा.

९. जीपीएसचे किलोमीटर आणि मीटरचे किलोमीटर जुळत नाहीत. भाडं कशावर द्यायचं?

हा प्रश्न भांडणापर्यंत जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

यंत्र ठरावीक वेळाने एक ठिपका टाकतं आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर सरळ रेषेत मोजतं. ताशी ६० ने जाणारी गाडी एका मिनिटात एक किलोमीटर जाते. मिनिटाला एकच ठिपका पडत असेल, तर मधली सगळी वळणं कापली जातात आणि किलोमीटर कमी भरतात. दर दहा सेकंदाला ठिपका टाकला तर ही चूक पुष्कळ कमी होते. डेटा थोडा जास्त लागतो, पण भाड्याचा हिशोब जीपीएसवर असेल तर तेवढा खर्च करा.

उलटही होतं. गाडी रात्रभर उभी असली तरी ठिपका पाच-दहा मीटर इकडेतिकडे हलतो, आणि सॉफ्टवेअर साधं असेल तर ते हलणंही किलोमीटरमध्ये धरतं. इग्निशनची वायर जोडलेली असेल, तर गाडी बंद असतानाचे ठिपके मोजायचे नाहीत असं सांगता येतं. ही वायर जोडायला आळस करू नका आणि बसवणाऱ्यालाही करू देऊ नका.

मीटरही काही सत्यवचनी नसतो. तो चाकाचे फेरे मोजतो. ट्रकच्या टायरची त्रिज्या अर्ध्या मीटरच्या आसपास असते, आणि टायर दीड सेंटिमीटर झिजला की तेवढ्याच रस्त्याला चाक सुमारे तीन टक्के जास्त फिरतं. सोलापूर-पुणे धरा अडीचशे किलोमीटर, तर सात-आठ किलोमीटर नुसते टायरने वाढवले.

आमचा सल्ला असा: नेहमीच्या मार्गाचं अंतर दोघांनी बसून एकदा ठरवा, कागदावर लिहा, आणि जीपीएस फक्त गाडी त्या मार्गाने गेली का हे बघायला वापरा.

१०. डिझेलची चोरी पकडता येते का?

नुसत्या जीपीएसने नाही. टाकीत वेगळा सेन्सर बसवावा लागतो. तो नीट बसवायचा तर टाकी रिकामी करून वीस-वीस लिटर ओतत प्रत्येक पातळीची नोंद घ्यावी लागते, कारण टाकीचा आकार वर-खाली सारखा नसतो. हे न करता अर्ध्या तासात सेन्सर लावून गेला, तर पुढचे सगळे आकडे अंदाजाचेच.

नीट बसवल्यावरही पातळीतली प्रत्येक घट चोरीची नसते. गाडी चढावर उभी राहिली की पातळी बदलते. उन्हाचाही परिणाम होतो: डिझेल तापलं की फुगतं. पहाटे ३०० लिटर असलेलं डिझेल वीस अंशांनी तापलं तर जवळजवळ पाच लिटर जास्त दिसतं, आणि संध्याकाळी थंड झालं की तेच पाच लिटर ‘गायब’ होतं. इंजिन बंद, गाडी एका जागी आणि दहा मिनिटांत चाळीस लिटर खाली, असं दिसलं तर मात्र बोलायला जागा आहे. थोडं थोडं परतीच्या पाइपातून काढणारा सेन्सरला सहज सापडत नाही. तिथे महिनाभराचं मायलेज बघावं लागतं.

११. ऊस वाहतुकीत याचा खरा उपयोग काय? कारखाना तर काट्यावरच मोजतो.

काटा वजन सांगतो, वेळ सांगत नाही. तोडलेला ऊस उन्हात जितका पडून राहील तितका वाळतो, वजन घटतं आणि साखर उतारा पडतो. फडापासून गव्हाणीपर्यंतचा, म्हणजे कारखान्यात ऊस टाकतात तिथपर्यंतचा वेळ कुठे जातो हे कळणं, हाच मोठा उपयोग. आपल्या जिल्ह्यात राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने आहेत, आणि हंगामात रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर एकामागे एक असतात. तरी हा वेळ फार थोडे लोक मोजतात.

एका वाहतूकदाराने आम्हाला तक्रार केली: “माझा ड्रायव्हर खेपा करत नाही, रात्र रात्र लाल ठिपका एका जागी दिसतो.” आम्ही ठिपका मोठा करून बघितला. तो कारखान्याच्या यार्डातच होता. आम्ही दोघं पहाटे तिथे गेलो. ट्रॅक्टर रांगेत, पुढे बरीच वाहनं. ड्रायव्हर आपल्याच ट्रॉलीखाली पोत्यावर झोपलेला, पायाला दोरी बांधून तिचं दुसरं टोक रांगेतल्या पुढच्या वाहनाच्या ट्रॉलीच्या साखळीला. रांग पुढे सरकली की दोरी ओढली जाणार आणि तो जागा होणार. नंबर जाऊ नये म्हणून.

ट्रॅक्टर सुरू होण्याआधी माणूस असा ट्रॉलीखाली झोपणं फार धोक्याचं आहे, हे आम्ही त्याला आणि मालकालाही तिथेच सांगितलं. त्या दिवसापासून आम्ही ऊस वाहतुकीत नकाशावर तीन कुंपणं (गाडी आत-बाहेर गेली की नोंद होते अशा हद्दी) आखतो: फड, यार्ड आणि काटा. मग अहवालात ‘थांबलेली गाडी’ असं मोघम येत नाही. फडात भरायला इतके तास, रस्त्यावर इतके, यार्डात इतके, असं वेगवेगळं येतं. त्या वाहतूकदाराने तोच कागद शेतकी विभागात नेऊन दाखवला. ड्रायव्हरबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही.

१२. टंचाईत पाण्याचा टँकर लावलाय. खेप झाली हे कसं सिद्ध होतं?

शासकीय टँकरला जीपीएस लागतं आणि बिल त्या नोंदींशी ताडून बघितलं जातं. त्यामुळे भरण्याची जागा आणि गावातली टाकी या दोन्ही ठिकाणी नकाशावर कुंपण नीट आखून घ्या. सांगोला, मंगळवेढ्याकडे वाड्या-वस्त्या लांब लांब असतात. कुंपण गावठाणाभोवती आखलं आणि पाणी तीन किलोमीटरवरच्या वस्तीवर ओतलं, तर खेप होऊनही दिसत नाही. कुंपण फार लहान ठेवलं तरी प्रश्न ४ मधल्या चुकीमुळे टँकर बाहेरच दिसतो. शंभर मीटर त्रिज्या बरी पडते. टँकर आला पण पाणी ओतलं का, हे मात्र जीपीएस सांगू शकत नाही. त्यासाठी गावकऱ्याची सही लागतेच.

१३. जेसीबी तासावर भाड्याने देतो. तास कसे मोजायचे?

इंजिन चालू असलेले तास आणि काम केलेले तास वेगळे. ऑपरेटर सावलीत इंजिन चालू ठेवून बसला तरी इग्निशन ‘चालू’ दाखवतं. मशीन एका जागी उभं राहून खणतं, त्यामुळे जागा बदलण्यावरूनही काम कळत नाही. चांगल्या यंत्रात हादरे ओळखणारा सेन्सर असतो, त्यावरून नुसतं चालू आणि खरं खणणं यातला फरक बराचसा कळतो. पोकलेनलाही हेच लागू.

१४. ट्रॉलीला किंवा जनरेटरला लावायचंय, पण तिथे चालू बॅटरीच नसते.

त्यासाठी लोहचुंबकाने चिकटणारी, स्वतःच्या बॅटरीवरची यंत्रं मिळतात. बॅटरी वाचवण्यासाठी ती दिवसातून एक-दोनदाच जागा पाठवतात, हलवलं की जागी होतात. थेट पाठलाग करायला ती नाहीत, हंगामाच्या शेवटी कुठली ट्रॉली कोणाच्या शेतात राहिली हे शोधायला उत्तम. लोखंडाच्या खाली पूर्ण झाकली जाईल अशी मात्र लावू नका.

१५. माझी विक्रीची मुलं दिवसभर दुकानं फिरतात. त्यांच्यासाठी वेगळं यंत्र लागेल?

नाही, मोबाईलमधलं अ‍ॅप पुरतं. दोन अडचणी नेहमी येतात. पहिली, फोन बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅप मागे बंद करतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला सूट द्यावी लागते. दुसरी, फोनचं लोकेशन बंद असेल तर जागा टॉवर किंवा वायफायवरून येते आणि ती शेकडो मीटर चुकू शकते. मुलगा नवी पेठेत असून भलतीकडे दिसला, तर आधी हे बघा. खोटं लोकेशन दाखवणारी अ‍ॅप असतात हेही खरं. पण दुकानदाराची ऑर्डर आणि वेळ ताडून बघितली की ते लपत नाही.

१६. सुट्टीच्या दिवशी किंवा घरी गेल्यावरही त्यांना बघितलं तर चालेल का?

नको. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा आहे, आणि वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला कायद्यात मालकाला जागा आहे, पण ती कामापुरती. काय बघणार, किती वाजता, कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार हे मराठीत एका पानावर लिहा, समजावून सांगा, सही घ्या. ड्यूटी संपली की अ‍ॅप आपोआप बंद होईल असं ठेवा. महिला कर्मचारी असतील तर त्यांचं लोकेशन कोणाकोणाला दिसतं ही यादी अगदी लहान असली पाहिजे. या बाबतीत आम्ही गिऱ्हाईक गमावायला तयार असतो.

१७. ड्रायव्हर म्हणतात, “आमच्यावर विश्वास नाही म्हणून लावलं.” काय सांगू?

यंत्र बसवायच्या आधी सांगा, नंतर नाही. आणि त्याच्या फायद्याचं असेल ते खरंच वापरा: गेटवर आठ तास ताटकळला तर डिटेन्शनचे (गाडी खोळंबल्याचे) पैसे मागायला हीच नोंद लागते.

आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतो. एका अहवालात ड्रायव्हर रात्री पावणेबाराला निघालेला दिसला. मालकाने रात्री गाडी चालवायची नाही असं बजावलं होतं, त्यामुळे तो चिडला आणि ड्रायव्हरचा दिवसाचा पगार कापला. ड्रायव्हर शपथ घेऊन सांगत होता की मी पहाटे सव्वापाचला निघालो. खरं तेच होतं. यंत्र जागतिक वेळ नोंदवतं, ती आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते, आणि अहवालात भारतीय वेळ लावायची आमच्याकडून राहिली होती. मालकाने पगार परत केला, आम्ही जाऊन त्या ड्रायव्हरची माफी मागितली. आता नवीन गाडी जोडली की पहिल्या दिवशी आम्ही ड्रायव्हरला फोन करून विचारतो, “भाऊ, आज किती वाजता निघालात?” आणि अहवालाशी जुळवून बघतो. तुम्हीही बघा.

१८. कोणी वायर काढली किंवा जॅमर लावला तर?

वायर काढली की यंत्र आतल्या बॅटरीवरून लगेच सूचना पाठवतं. जॅमर लावला की उपग्रह ऐकू येत नाहीत आणि जागा गोठते. सामान्य माणसाने जॅमर वापरणं भारतात बेकायदेशीर आहे. पण जागा गोठली म्हणजे जॅमरच असं नाही, आधी पत्र्याची शेड आठवा.

१९. गाडी चोरीला गेली तर मोबाईलवरून इंजिन बंद करता येतं ना?

येतं, पण चालत्या गाडीचं कधीही करू नका. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची ताकद जाते. हायवेवर हे कोणाच्या तरी जिवावर बेतेल. गाडी जवळजवळ थांबल्यावरच बंद होईल अशीच सोय लावून घ्या. आधी ११२ ला फोन करा, पोलिसांना थेट लोकेशनची लिंक द्या. स्वतः पाठलागाला जाऊ नका.

२०. अहवालात जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख येतेय. यंत्र खराब झालं का?

बहुधा जुनं झालं. जीपीएसचा मूळ संदेश आठवडे मोजतो आणि १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. असं शेवटचं ६ एप्रिल २०१९ ला झालं. ज्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये याची सोय नाही, ती सुमारे एकोणीस वर्षं आठ महिने मागे जातात. सॉफ्टवेअर सुधारून मिळालं तर ठीक, नाहीतर यंत्र बदला.

२१. फास्टॅगवरून गाडी कुठे आहे ते कळतंच की, मग ट्रॅकर कशाला?

फास्टॅग फक्त नाक्यावर बोलतो. सावळेश्वर ओलांडलं, वरवडे ओलांडलं, एवढंच कळतं. मधल्या दोन तासांत काय झालं ते नाही. पण ट्रॅकरची नोंद खरी आहे का हे ताडायला फास्टॅगचे मेसेज फार कामाचे आहेत.

२२. अपघाताच्या किंवा पैशाच्या दाव्यात जीपीएसचा अहवाल कोर्टात चालतो का?

इलेक्ट्रॉनिक नोंद म्हणून मांडता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात यंत्रणा सांभाळणाऱ्याचा आणि तज्ज्ञाचा असे दोन भाग असतात. मोबाईलचा स्क्रीनशॉट पुरत नाही. घटना घडल्याबरोबर सेवा देणाऱ्याला लेखी कळवा की त्या दिवसाची मूळ नोंद पुसू नका. काही ठिकाणी जुना डेटा तीन महिन्यांनी आपोआप जातो. पुढचं वकिलांना विचारा.

२३. गाडी विकली. ट्रॅकरचं काय करायचं?

काढून घ्या, किंवा नव्या मालकाच्या नावावर करून तुमच्या मोबाईलमधून ती गाडी काढून टाका. जुनी गाडी घेतली असेल तर उलट करा: डॅशबोर्डखाली हात घालून बघा, जास्तीची लाल-काळी वायर दिसली तर मेकॅनिकला दाखवा. विकून वर्ष झालेल्या गाड्या अजून जुन्या मालकाच्या मोबाईलवर फिरताना आम्ही बघितल्या आहेत, आणि नव्या मालकाच्या घरापुढे रोज रात्री तो ठिपका थांबतो.